कुर्डुवाडी ते बार्शी, ४.८ मीटर: एका नॅरोगेज शाखामार्गाच्या प्रतिकृतीच्या नोंदी

२४ ऑक्टोबर २०२३, दसरा

सकाळी करवत, ड्रिल आणि डाख देण्याची सळई (सोल्डरिंग आयर्न) पूजेत मांडली आणि दुपारी त्याच करवतीने पहिली फळी कापली. गेली तीन वर्षे कागदावर असलेले काम आजपासून लाकडावर आले आहे, म्हणून ही वही सुरू करतो.

प्रतिकृतीसाठी बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा निवडला आहे. मुंबईहून सोलापूरकडे येणाऱ्या मुख्य मार्गाने बार्शी शहर एकवीस मैल बाजूला ठेवले आणि त्या मार्गावरच्या कुर्डुवाडीच्या स्थानकाला ‘बार्शी रोड’ हे नाव मिळाले. तेथून बार्शीपर्यंतचा दोन फूट सहा इंच रुंदीचा लोहमार्ग एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारला आणि तो १८९७ साली सुरू झाला. पुढे १९०६ मध्ये हा मार्ग पंढरपूरपर्यंत, १९११ मध्ये लातूरपर्यंत आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचला. १९५४ साली तो सरकारी रेल्वेत सामील झाला आणि या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाले. सोलापूर जिल्ह्यातल्या पन्नाशीपुढच्या अनेकांनी या गाडीतून एकदा तरी प्रवास केलेला आहे. माझी आजी वारीच्या दिवसांत याच गाडीच्या मालडब्यात बसून पंढरपूरला गेली होती, हे तिच्या तोंडून मी अनेकदा ऐकले आहे.

माझा हेतू मात्र केवळ गाडी फिरवण्याचा नाही. दोन वेगळ्या रुंदीचे मार्ग जिथे भेटतात तिथे प्रत्येक पोते आणि प्रत्येक गाठ एका डब्यातून उचलून दुसऱ्या डब्यात ठेवावी लागते. शाखामार्गाचे सगळे वेळापत्रक त्या हमालीच्या वेळेवर टांगलेले असते. कुर्डुवाडीतली ती थांबण्याची आणि माल बदलण्याची क्रिया या प्रतिकृतीत खरोखर घडली पाहिजे, एवढीच अट मी स्वतःला घातली आहे.

२९ ऑक्टोबर २०२३

प्रमाण ठरवले: १:८७. खऱ्या मार्गाची रुंदी ७६२ मिलिमीटर. तिला ८७ ने भागले की ८.७६ येतात, आणि बाजारात तयार मिळणारा रूळ ९ मिलिमीटरचा असतो. पाव मिलिमीटरहून कमी असलेला हा फरक डोळ्यांना कळत नाही. १:७६ चे प्रमाण घेतले असते तर दहा मिलिमीटर हवे असते आणि तोच तयार रूळ ठळकपणे अरुंद दिसला असता. यंत्रे आणि चाके एन गेजची (याच ९ मिलिमीटर रुळाच्या तयार प्रतिकृतींची) वापरता येतील, हा आणखी एक फायदा.

शेजारून जाणाऱ्या ब्रॉडगेजचे गणित इतके सोपे नाही. १६७६ मिलिमीटरचे १९.३ होतात, आणि या प्रमाणात मिळणारा तयार रूळ १६.५ मिलिमीटरचा, म्हणजे युरोपातल्या मार्गाच्या रुंदीचा असतो. तो वापरला तर कुर्डुवाडीची मुख्य लाईन आपल्याकडची वाटणारच नाही. म्हणून ब्रॉडगेजचे दोन रूळ हाताने अंथरायचे आणि त्यावरचे डबे स्थिर ठेवायचे, असे ठरवले. अंतर मोजण्यासाठी लेथवाल्याकडून १९.३ मिलिमीटरचा पितळी माप-ठोकळा करून घेतला.

५ नोव्हेंबर २०२३

माडीवरची खोली अठरा फूट लांब आहे. प्रत्येकी १.२ मीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद अशा चार फळ्या, म्हणजे एकूण ४.८ मीटर, एका भिंतीलगत बसतात. खरे एकवीस मैल या प्रमाणात सुमारे ३८८ मीटर होतील. तेव्हा अंतर ऐंशीपटीने आक्रसले आहे, हे मान्य करूनच पुढे जावे लागते. डावीकडे कुर्डुवाडी, मध्ये दोन गाड्यांच्या क्रॉसिंगसाठी एक काल्पनिक ठाणे, उजवीकडे बार्शी. कुर्डुवाडीच्या डाव्या टोकाला दार आहे. दार उघडले की तिथे ८० सेंटिमीटर लांबीची, रूळ बसवलेली एक सुटी पेटी अडकवता येते. त्यात आख्खी गाडी उभी राहते आणि पेटी फिरवली की गाडीचे तोंड बदलते. ही पेटी म्हणजे माझे पंढरपूर.

सांगाडा सागाच्या जुन्या पट्ट्यांचा आणि वरचा पृष्ठभाग नऊ मिलिमीटरच्या प्लायवूडचा आहे. दोन फळ्या एकमेकींना दरवर्षी नेमक्या त्याच जागी जुळाव्यात म्हणून बिजागरीच्या खिळ्यांऐवजी पितळी खुंट्या बसवल्या.

३ डिसेंबर २०२३

चारही फळ्यांवरचा नॅरोगेजचा रूळ आज पूर्ण झाला. स्लीपरांमधले अंतर एन गेजच्या रुळात फार कमी असते, त्यामुळे ब्लेडने जोडण्या कापून ते एकेक करून सरकवले. एका मीटरला दोन तास लागले. पण दुरून पाहताना मार्ग हलका आणि ग्रामीण दिसतो, आणि ते या कामाचे मोल आहे.

१७ डिसेंबर २०२३

तारा जोडल्या. फळ्यांखालून १.५ चौरस मिलिमीटरच्या दोन मुख्य तारा आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला वरून खाली येणारी बारीक तार. सांध्याचा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या जागेचा, व्ही आकाराचा मधला भाग विजेच्या दृष्टीने वेगळा केला आणि सांधा फिरला की त्याची ध्रुवता बदलणारा लहान स्विच खाली बसवला. लहान इंजिन हळू चालताना नेमके याच ठिकाणी बंद पडते, म्हणून इथे काटकसर केली नाही.

१४ जानेवारी २०२४

सिद्धेश्वराच्या यात्रेची गर्दी असल्याने दोन दिवस काम झाले नाही.

४ फेब्रुवारी २०२४

इंजिनाविषयी सविस्तर लिहितो, कारण या महिन्याभरात मला सर्वांत अधिक शिकवले ते त्यानेच.

कॅलथ्रॉपच्या रचनेचे सूत्र असे होते की इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही. रुळाने कमाल किती भार सोसायचा हे एकदा ठरले की हलका आणि स्वस्त रूळ टाकता येतो, आणि इंजिनाचा भार जास्त आसांवर वाटून त्याची ओढण्याची ताकद राखता येते. लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेली त्याची पहिली इंजिने त्यामुळेच लांबट होती: पुढे चार जोडआसांवर (एकत्र जोडून फिरवलेल्या आसांवर) आठ चाके आणि मागे कोळशाच्या पेटीखाली दोन आसांची बोगी. मालडब्यांचे सांगाडे २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद अशा एकाच मापाचे ठेवले होते. (हाच माणूस पुढे विमानातून उडी घेणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवू लागला, भार आणि सुरक्षितता यांचा विचार त्याला कधी सोडून गेला नसावा.)

मी आठ जोडचाकांचे एन गेजचे तयार यंत्र घेतले, मागे मालडब्याची बोगी जोडली आणि सोलापूरच्या मधला मारुती परिसरातल्या बाजारातून आणलेल्या पातळ पितळी पत्र्याचे अंग एका जुन्या छायाचित्रावरून बेतून त्यावर बसवले. मग वजनाचा प्रश्न आला. सूत्र जसेच्या तसे पाळायचे म्हटले तर सहा आसांचे तीस टन होतात. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींत ८७ ने लहान करताना वजनाला ८७ च्या घनाने भागावे लागते आणि उत्तर येते अवघे ४६ ग्रॅम. मी हट्टाने इंजिन तेवढ्याच वजनाचे केले. ते चार डबे नेऊ शकले, पाचव्या डब्याला चाके जागीच फिरू लागली. कारण असे की प्रतिकृतीतले डबे आकाराच्या मानाने जड धावतात: खऱ्या डब्याच्या तेल घातलेल्या बेअरिंगमध्ये वजनाच्या मानाने जो अडथळा असतो, त्याच्या कितीतरी पट अडथळा प्लॅस्टिकच्या बोगीतल्या सुईसारख्या आसाला होतो. शिवाय मागच्या बोगीवर गेलेले वजन ओढण्याच्या कामी येतच नाही.

आता पाण्याच्या टाक्यांत आणि बॉयलरमध्ये शिसे भरून वजन ८५ ग्रॅम केले आहे आणि ते चार जोडआसांच्या वर राहील असे पाहिले आहे. मागच्या बोगीवर फक्त तिला रुळावर ठेवण्यापुरता एका बारीक स्प्रिंगचा दाब आहे. प्रत्येक डबा २२ ग्रॅमचा केला. सात डबे आता सहज निघतात. कॅलथ्रॉपचे समान भाराचे तत्त्व मी डब्यांपुरते पाळले आणि इंजिनाला त्यातून वगळले, ही तडजोड इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

१८ फेब्रुवारी २०२४

मालडब्यांचे सांगाडे ८८ मिलिमीटर लांब आणि २४.५ मिलिमीटर रुंद झाले. चाळीस फुटी प्रवासी डबे १४० मिलिमीटरचे. एकूण नऊ मालडबे आणि दोन प्रवासी डबे तयार आहेत. यंत्रमाग दुरुस्त करणारे शेजारचे मामा येऊन गेले. त्यांनी खिशातली फीलर पट्टी काढून चाकांच्या जोड्यांमधले आतले अंतर तपासले आणि सात जोड्या बाजूला काढल्या. ७.४ मिलिमीटर हवे होते. त्या सातांत ते ७.१ पर्यंत कमी होते. धोटा अडकण्याची कारणे शोधण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला डबा सांध्यावर का उडतो हे एका मिनिटात कळले.

१० मार्च २०२४

जमिनीचे काम. सोलापूरच्या आसपासची जमीन काळी, मध्येच उघडा पडलेला पाषाण आणि बांधावर बाभूळ व कडुनिंब, ही दृश्ये रंगाने उभी करण्यापेक्षा खरी माती वापरावी असे वाटले. शेतातली काळी माती तव्यावर भाजली, वस्त्रगाळ केली आणि पसरण्यापूर्वी सहज तिच्यावरून चुंबक फिरवला. चुंबकाला काळ्या कणांची दाढी फुटली. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात आणि त्यापासून झालेल्या मातीत चुंबकी लोहखनिजाचे कण असतात, हे माहीत असूनही इतके असतील असे वाटले नव्हते. हे कण मोटारीच्या चुंबकाकडे ओढले जाऊन दातेरी चाकांत शिरले असते तर इंजिन महिनाभरही टिकले नसते. सगळी माती सात वेळा चुंबकाखालून काढली आणि अंथरल्यावर पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाने पक्की केली. रुळाखालच्या खडीसाठी क्रशरची कच मुळीच वापरली नाही. तिच्याऐवजी विटेचा आणि मुरमाचा चाळलेला बारीक भुगा घेतला.

ज्वारी कापल्यानंतरची धसकटे केरसुणीच्या काड्यांची केली. एका शेताला चारशे काड्या लागल्या.

२१ एप्रिल २०२४

खोलीतला तापमापक दुपारी ४१ अंश दाखवत होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या फळीवर रूळ बाजूला सुमारे तीन मिलिमीटर सरकून सापासारखा वळलेला आढळला आणि गाडी तिथून उतरली.

चूक माझीच होती. डिसेंबरात अठरा अंशांच्या थंडीत मी प्रत्येक फळीच्या दोन्ही टोकांना रूळ स्क्रूवर डाखून पक्का केला होता आणि मधे फट ठेवली नव्हती. रुळाचा धातू दर अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०१७ मिलिमीटर वाढतो; तेवीस अंशांच्या फरकाने १.२ मीटरच्या फळीवर हे जवळपास अर्धा मिलिमीटर होते. आकडा लहान दिसतो, परंतु दोन्ही टोके घट्ट असतील तर त्या अर्ध्या मिलिमीटरला बाजूला फुगण्यावाचून वाट नसते, आणि जिथे गोंद कमी पडला होता तिथे सगळी वाढ एकाच ठिकाणी गोळा झाली. त्यातच उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत सांगाड्याचे लाकूड किंचित आखडले.

२८ एप्रिल २०२४

सोनाराच्या बारीक करवतीने प्रत्येक फळीच्या मध्याजवळ दोन्ही रूळ कापले. भर दुपारी कापल्यामुळे फट जेमतेम कागदाच्या जाडीची ठेवली. हिवाळ्यात ती आपोआप रुंदावेल. कापल्याने वेगळ्या झालेल्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची तार दिली आणि जोडपट्ट्यांवरचा डाख काढून त्या सरकत्या ठेवल्या. वळलेला भाग उपटून पुन्हा अंथरला. ज्यांना उन्हाळा चाळिशीपार जाणाऱ्या गावात असे काम करायचे आहे त्यांनी रूळ मे महिन्यात टाकावा, असे मी आता सांगेन.

१९ मे २०२४

दोन आठवडे इंजिन अडखळत होते. रूळ स्पिरिटने पुसले की तासभर बरे चालायचे आणि पुन्हा थांबायचे. आज इंजिन उघडले तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या आसाभोवती पांढऱ्या सुताचा घट्ट पीळ बसलेला निघाला. आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत आणि हवेत तूस असतेच; परंतु एवढे तूस खिडकी बंद असताना आले कुठून, याचा शोध घेता प्रतिकृती झाकायला मी घातलेली घरची सोलापुरी चादर सापडली. चादर उत्तम आहे, पण नवी असल्याने ती झटकताना आणि ओढताना तंतू सोडते, आणि तेल लावलेल्या आसावर ते गुंडाळले जातात. आता छत्रीच्या नायलॉन कापडाचे चार पट्टे शिवून त्यांचे आच्छादन केले आहे.

९ जून २०२४

पहिला पाऊस. हवेत ओल येताच फळ्यांचे सांधे अर्ध्या मिलिमीटरने वर-खाली झाले. खुंट्यांच्या बाजूला पत्र्याची चकती घालून ते पुन्हा जुळवले.

२३ जून २०२४

गाड्या चालवण्याची पद्धत आज निश्चित झाली. घड्याळ सहापट वेगाने चालते: दहा मिनिटांचा एक तास. सकाळी सहापासून सायंकाळी सहापर्यंतचे कामकाज त्यामुळे दोन तासांत होते. गाडीचा वेग ताशी २४ किलोमीटरच्या हिशेबाने सेकंदाला ७.७ सेंटिमीटर ठेवला आहे. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला साधारण एक मिनिट लागते. पाहुण्यांना तो कंटाळवाणा वाटतो, पण यापेक्षा भरधाव गाडी बार्शी लाइटची वाटत नाही.

मध्यल्या ठाण्याच्या दोन्ही बाजूंचे दोन विभाग टोकनवर चालतात. प्रत्येक विभागाचे टोकन म्हणजे ध्वनियंत्राला लागते तशी एक जॅक पिन आहे, जिच्या आतली दोन टोके मी जोडून टाकली आहेत. ती विभागाच्या कोणत्याही टोकाच्या छिद्रात घातली तरच त्या विभागाच्या रुळात वीज येते, आणि पिन एकच असल्याने चालकाच्या हातात ती नसेल तर गाडी विभागात शिरूच शकत नाही. एका विभागाची पिन ६.३५ मिलिमीटरची आणि दुसऱ्याची ३.५ मिलिमीटरची आहे, त्यामुळे अदलाबदल होत नाही. नियम तोंडी सांगून पाळला जाण्यापेक्षा तारेतच बसवलेला बरा.

माल बदलण्यासाठी प्रत्येक डब्याचे एक कार्ड आहे. भरलेला डबा कुर्डुवाडीच्या फलाटावर ब्रॉडगेजच्या डब्यासमोर उभा राहिला की कार्ड फलाटावरच्या खणात ठेवायचे आणि घड्याळाचे दोन तास, म्हणजे वीस मिनिटे, त्या डब्याला हात लावायचा नाही. त्या वेळात हमाल गाठी उतरवत आहेत, असे धरायचे. फलाटाला एका वेळी तीनच डबे लागतात. बार्शीहून कापसाचे पाच डबे एकदम आले तर दोन डबे मागे उभे राहतात, इंजिनाला जागा करून द्यावी लागते, आणि बार्शीकडे परत न्यायला रिकामा डबा मिळत नाही.

१७ जुलै २०२४, आषाढी एकादशी

आज वारीच्या विशेष गाड्यांचे वेळापत्रक चालवले. खऱ्या दिवशी खरी गर्दी आधी होऊन गेलेली असते, हे ठाऊक आहे. पण सुट्टी आजच होती. बार्शीच्या टोकाला भाची, मध्यल्या ठाण्यावर मामा आणि कुर्डुवाडीला मी.

आजीच्या आठवणीला धरून विशेष गाडीला सात मालडबे लावले. इंजिन धरून तिची लांबी ७६ सेंटिमीटर झाली. पेटीत ती बसते, पण मध्यल्या ठाण्याची लूप, म्हणजे क्रॉसिंगसाठीचा बाजूचा रूळ, ७० सेंटिमीटरची आहे. मामांनी आधीच सांगितले की लांब गाडी सरळ मार्गावर राहील आणि समोरून येणारी आखूड गाडी लूपमध्ये घेऊ. तसे केल्याने पहिल्या दोन गाड्या सुरळीत गेल्या. तिसऱ्या वेळी पंढरपूरहून रिकामी परतणारी विशेष गाडी आणि बार्शीहून निघालेली दुसरी विशेष गाडी समोरासमोर आल्या. दोन्ही लूपहून लांब. दोन्ही टोकने ठाण्यावर, दोन्ही गाड्या ठाण्यावर, आणि कोणालाच पुढे जाता येईना. शेवटी एका गाडीचे दोन डबे सोडून ते इंजिनाने मागच्या विभागात ढकलले आणि वाट मोकळी केली. घड्याळाचा दीड तास गेला. भाचीने बार्शीतून दोनदा फोनची खूण केली, कारण तिच्याकडे कापसाचे चार डबे भरून उभे होते आणि ते न्यायला इंजिन नव्हते.

मी बराच वेळ त्या उभ्या डब्यांकडे पाहत होतो. वारीच्या दिवसांत माल मागे राहतो, हे मी वेळापत्रकात कुठेही लिहिले नव्हते. ते लूपच्या लांबीतून आणि एकेरी मार्गातून स्वतःहून उद्भवले.

२१ जुलै २०२४

नवा नियम: वारीच्या दिवशी दोन्ही विभागांत मिळून एकाच वेळी एकच लांब गाडी असेल, आणि बार्शीची मालगाडी चारच डब्यांची निघेल. लूप वाढवण्याचा मोह आवरला, कारण फळीवर जागा असली तरी आखूड लूपमुळेच ठाण्यावरच्या माणसाला काम आहे. बार्शीत मात्र मागे राहिलेल्या डब्यांना उभे राहायला जागा हवी, हे नक्की झाले. जिनिंगच्या शेडमागे एक सायडिंग बसते. धसकटांचे अर्धे शेत त्यासाठी काढावे लागेल.

४ ऑगस्ट २०२४

शेताचा तुकडा पाण्याने भिजवून अलगद सोलून काढला. काड्या वाचल्या आहेत, त्या पलीकडच्या बांधावर लावता येतील. सायडिंगसाठी ४२ सेंटिमीटर रूळ कापून स्लीपर सरकवून ठेवले. सांध्याच्या व्ही भागाची तार आणि स्विच खालून बसवून झाला, बहुमापकाने तपासला. डाख उद्या सकाळी, हवा कोरडी असताना देईन.